उद्दिष्टांचे पान आणि प्रश्नपत्रिका: कायद्याच्या चार ऐच्छिक अभ्यासक्रमांचे परीक्षण

संख्याशास्त्र हा माझा मुख्य विषय होता आणि वकिली करण्याचा विचार माझ्या मनात कधीही आला नाही, तरीही पदवी आणि पदव्युत्तर शिक्षणाच्या पाच वर्षांत मी कायद्याचे चार ऐच्छिक अभ्यासक्रम पूर्ण केले. कायद्याची ओळख, करारकायदा, बौद्धिक संपदा आणि पुराव्याचा कायदा असा त्यांचा क्रम होता. विद्यापीठाचे नाव मी येथे मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही कडू लिहावे लागणार आहे. तसेही, कायद्याची पदवी घेत नसलेल्या विद्यार्थ्यांसाठी आखलेल्या अशा अभ्यासक्रमांचा साचा बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. एक सत्र, आठवड्याला दोन-तीन तासिका, मध्यावर एखादे लेखी काम, शेवटी परीक्षा, आणि अभ्यासक्रमपत्रिकेच्या पहिल्याच पानावर ‘हा अभ्यासक्रम पूर्ण केल्यानंतर विद्यार्थी’ या शब्दांनी सुरू होणारी उद्दिष्टांची यादी.

हे पान सहसा कोणी वाचत नाही. मी पहिला अभ्यासक्रम निवडला तो केवळ त्याची वेळ माझ्या प्रात्यक्षिकांच्या आड येत नव्हती म्हणून, आणि माझ्या शेजारी बसणाऱ्या बहुतेकांची कारणे याहून उदात्त नव्हती. दुसऱ्या अभ्यासक्रमाच्या अखेरीस मात्र मला एक सवय लागली. परीक्षा झाल्यावर मी उद्दिष्टांचे पान आणि प्रश्नपत्रिका शेजारी शेजारी ठेवत असे आणि ज्या उद्दिष्टाची कसोटी पाहणारा एक तरी प्रश्न किंवा एखादे लेखी काम विचारले गेले असेल, त्यापुढे खूण करीत असे. पहिल्या अभ्यासक्रमाची कागदपत्रे जपून ठेवलेली होती, त्यामुळे त्याचीही अशी तपासणी मागाहून करता आली. हे परीक्षण त्या खुणांवर आधारलेले आहे. शिक्षक किती रंगतदार बोलत होते किंवा गुण किती सढळ हाताने दिले जात होते, हे त्यात जवळपास नाही.

उद्दिष्टांच्या या भाषेमागे एक परंपरा आहे. बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये शैक्षणिक उद्दिष्टांची जी चढती भाजणी मांडली, तिची सुधारित आवृत्ती २००१ मध्ये आली आणि तिच्यात स्मरणापासून नवनिर्मितीपर्यंतच्या पायऱ्या क्रियापदांच्या रूपात लिहिल्या गेल्या. आज ‘विशद करेल’, ‘उपयोजन करेल’, ‘चिकित्सक मूल्यमापन करेल’ अशी क्रियापदे कोणत्याही अभ्यासक्रमपत्रिकेत दिसतात ती तेथून आलेली आहेत. पुढे जॉन बिग्ज यांनी १९९६ मध्ये उद्दिष्ट, अध्यापन आणि मूल्यमापन या तिन्हींचा मेळ बसला पाहिजे, असा आग्रह धरला. विद्यार्थी शेवटी परीक्षेत जे विचारले जाणार आहे तेच शिकतो, म्हणून उद्दिष्ट पानावर राहिले आणि परीक्षा दुसरीकडे गेली तर पानाला काही अर्थ उरत नाही, हा त्यातला व्यवहारी भाग आहे. माझ्या खुणांमागचा विचारही एवढाच आहे.

कायद्याच्या बाबतीत हा मेळ बसवणे अधिक अवघड असते, कारण कायद्याचे पूर्णवेळ विद्यार्थी काही वर्षे जे करतात ते आम्हाला साधारण चाळीस तासांत दाखवायचे असते. क्रिस्टोफर लँगडेल १८७० मध्ये हार्वर्डच्या विधी विद्यालयाचे अधिष्ठाता झाले आणि त्यांनी व्याख्यानाऐवजी मूळ निकालपत्रे वाचून प्रश्नोत्तरांतून शिकवण्याची पद्धत रुजवली. ती पद्धत संथ आहे. एका निकालपत्रावर दोन तास सहज जातात आणि तत्त्व हाती लागेपर्यंत गोंधळ वाढतच राहतो. चाळीस तासांच्या अभ्यासक्रमापुढे म्हणून दोनच वाटा असतात. एक, सगळ्या शाखांचा धावता फेरफटका. दोन, थोडेसेच घेऊन ते नीट वाचायला शिकवणे. माझ्या मते पहिली वाट ऐच्छिक विषयासाठी जवळपास निरुपयोगी आहे, आणि हे मत मी चार अभ्यासक्रमांच्या अनुभवानंतर बनवलेले आहे.

‘कायद्याची ओळख’ या अभ्यासक्रमाने पहिली वाट घेतली होती. त्याच्या पानावर अकरा उद्दिष्टे होती आणि त्यांतील सात उद्दिष्टांत ‘चिकित्सक’ हा शब्द होता. राज्यघटना, फौजदारी, कौटुंबिक, कामगार, पर्यावरण आणि आंतरराष्ट्रीय अशा सर्व शाखांना एकेक आठवडा मिळाला. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या बंधनकारकतेचे चिकित्सक मूल्यमापन करणे हे नववे उद्दिष्ट होते. परीक्षेत विचारले गेले ते हे की आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायाधीश किती असतात आणि त्यांची मुदत किती. पंधरा आणि नऊ वर्षे. हे उत्तर मला आजही पाठ आहे आणि त्याचा मला आजवर काहीही उपयोग झालेला नाही. त्या न्यायालयापुढील वादांत पक्षकार म्हणून केवळ राष्ट्रेच उभी राहू शकतात, व्यक्ती किंवा कंपन्या नाहीत, हे त्याहून महत्त्वाचे वास्तव वर्गात उल्लेखापुरते आले, आणि बंधनकारकतेची चर्चा खरे तर तेथूनच सुरू व्हायला हवी होती.

निष्काळजीपणाच्या दायित्वावरील तासिकेतही असेच घडले. डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन हा १९३२ चा खटला सांगितला गेला: कॅफेत मैत्रिणीने विकत घेऊन दिलेली जिंजर बिअरची अपारदर्शक बाटली, तिच्यातून निघालेले कुजलेल्या गोगलगायीचे अवशेष, आणि ज्याच्याशी आपला कोणताही करार झालेला नाही त्या उत्पादकाकडे भरपाई मागता येते काय हा प्रश्न. गोष्ट सुरस आहे आणि ती सुरसपणे सांगितली गेली. परंतु बाटलीत गोगलगाय खरोखर होती की नव्हती हे कोणत्याही न्यायालयात सिद्ध झालेच नाही, हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, केवळ ‘आरोप खरे धरले तर दावा चालू शकतो काय’ एवढेच ठरवले आणि तेही तीन विरुद्ध दोन अशा मतांनी, हा भाग मला दोन वर्षांनी दुसऱ्या वर्गात कळला. वस्तुस्थितीचा प्रश्न आणि कायद्याचा प्रश्न यांतील फरक समजणे हे या अभ्यासक्रमाचे तिसरे उद्दिष्ट होते. तो फरक शिकवण्यासाठी याहून सोयीचे उदाहरण सापडणे कठीण, आणि ते हाती असताना निसटले.

न्यायाने वागायचे तर त्या सत्रातील एका तासिकेचे मला कौतुक केले पाहिजे. शिक्षकांनी फळ्यावर ‘उद्यानात वाहनांना बंदी आहे’ एवढाच नियम लिहिला आणि सायकल, लहान मुलाची बाबागाडी, रुग्णवाहिका, चाकांचे पादत्राण यांपैकी कोणाला आत सोडायचे ते आम्हाला ठरवायला सांगितले. हे उदाहरण कायद्याचे तत्त्वज्ञ एच. एल. ए. हार्ट यांनी १९५८ मधील एका लेखात दिलेले आहे. शब्दाला निर्विवाद अर्थाचा एक गाभा असतो आणि त्याभोवती संदिग्धतेची कडा असते, हे त्यांना दाखवायचे होते. त्याच वर्षी दुसरे कायद्याचे तत्त्वज्ञ लॉन फुलर यांनी उलट विचारले, की दुसऱ्या महायुद्धात वापरलेला एखादा ट्रक स्मारक म्हणून त्या उद्यानात चौथऱ्यावर बसवला तर तो गाभ्यात मोडतो की कडेवर? वर्गात त्या दिवशी प्रथमच आवाज चढले. भौतिकशास्त्राच्या एका विद्यार्थ्याने वाहनाची व्याख्या करण्याचा प्रयत्न पाच वेळा केला आणि पाचही वेळा कोणीतरी ती मोडून दाखवली. अकरा उद्दिष्टांच्या त्या पानावर मी केवळ तीन खुणा करू शकले, आणि त्यांतील एक या तासिकेची आहे.

करारकायद्याचा अभ्यासक्रम मी घेतला तो एका ज्येष्ठ विद्यार्थिनीच्या सांगण्यावरून. त्याच्या पानावर चारच उद्दिष्टे होती. विद्यार्थी एखादे निकालपत्र वाचून त्यातील वस्तुस्थिती, वादाचा मुद्दा, नियम आणि निष्कर्ष वेगळे काढू शकेल; दोन पक्षांत करार झाला की नाही हे कारणांसह सांगू शकेल; अपरिचित कराराचा मजकूर वाचून त्यातील जबाबदाऱ्या आणि जोखमी ओळखू शकेल; आणि कोणत्या क्षणी स्वतः पुढे न जाता वकिलाचा सल्ला घेतला पाहिजे हे ओळखू शकेल. चौथे उद्दिष्ट मी प्रथम वाचले तेव्हा मला ते किंचित विनोदी वाटले होते. आज मला वाटते की ऐच्छिक कायदा विषयाच्या प्रत्येक पानावर ते छापलेले असावे.

पहिले तीन आठवडे आम्ही कार्लिल विरुद्ध कार्बोलिक स्मोक बॉल कंपनी हा एकच खटला वाचला, जो १८९३ च्या निकालसंग्रहात छापलेला आहे. हुंगायचा औषधी गोळा विकणाऱ्या एका कंपनीने जाहिरात दिली, की हा गोळा दिवसातून तीनदा याप्रमाणे दोन आठवडे सूचनेनुसार वापरूनही ज्याला इन्फ्लुएन्झा होईल त्याला शंभर पौंड दिले जातील, आणि आपण गंभीर आहोत हे दाखवण्यासाठी एक हजार पौंड बँकेत ठेवले असल्याचेही तिने छापले. कार्लिलबाईंनी गोळा दोन आठवड्यांच्या कितीतरी पुढे वापरला आणि तरी त्यांना इन्फ्लुएन्झा झाला. कंपनीचे म्हणणे होते की ही निव्वळ जाहिरातबाजी होती, साऱ्या जगाशी करार होऊ शकत नाही, आणि बाईंनी आपली स्वीकृती कधी कळवलीच नव्हती. न्यायालयाने यांतील प्रत्येक मुद्दा कसा खोडून काढला हे आम्ही मूळ इंग्रजी मजकुरातून, परिच्छेदामागून परिच्छेद, वाचले. बँकेत ठेवलेल्या रकमेच्या उल्लेखाने जाहिरातीचा हेतूच कसा उघड केला, आणि जेथे प्रस्तावातच एखादी कृती करण्यास सांगितले आहे तेथे ती कृती हीच स्वीकृती कशी ठरते, हे समजायला मला दुसरा आठवडा उजाडावा लागला.

त्यानंतर लगेच अलाहाबाद उच्च न्यायालयाचा लालमन शुक्ला विरुद्ध गौरी दत्त हा १९१३ चा निकाल आमच्या हाती देण्यात आला. मालकाचा हरवलेला पुतण्या शोधायला गेलेल्या नोकराने मुलगा शोधून आणला. त्याच्या पाठीमागे मालकाने बक्षीस जाहीर केले होते, ते त्याला मागाहून कळले आणि त्याने बक्षिसाची मागणी केली. ती फेटाळली गेली, कारण ज्या प्रस्तावाची माहितीच नव्हती तो स्वीकारला असे म्हणता येत नाही. दोन निकाल शेजारी ठेवले की पहिल्यातून आपण काढलेला ‘कृती हीच स्वीकृती’ हा नियम किती ढोबळ होता, ते आपोआप दिसते. शिक्षकांनी यावर भाष्य केले नाही. त्यांनी आम्हाला आपला पहिल्या आठवड्यातील नियम पुन्हा लिहून काढायला सांगितले, आणि जवळपास प्रत्येकाला तो खोडून नव्याने लिहावा लागला. पहिल्या उद्दिष्टापुढे मी नंतर केलेली खूण त्या तासामुळे आहे.

हॅडली विरुद्ध बॅक्सेंडेल या १८५४ च्या खटल्याबद्दल थोडे लिहिल्यावाचून पुढे जाणे मला जमणार नाही. ग्लॉस्टरमधील गिरणीचा दांडा मोडला, नवीन दांडा घडवण्यासाठी नमुना म्हणून तो पाठवला गेला, वाहतूकदाराने दिरंगाई केली आणि गिरणी तितके दिवस बंद राहिली. बुडालेला नफा वाहतूकदाराकडून मिळाला नाही, कारण गिरणीकडे दुसरा दांडा नाही ही विशेष परिस्थिती त्याला माहीत असल्याचे धरता येत नव्हते आणि सामान्यतः अशा दिरंगाईमुळे गिरणी बंद पडेलच असे नव्हते. करार मोडल्यावर नुकसानीची साखळी कोठे तोडायची, हा प्रश्न मला संख्याशास्त्रातील कोणत्याही प्रश्नाइतकाच काटेकोर वाटला. करार करताना दोघांना काय अपेक्षित होते, यावर तेथे साखळी तोडली जाते. हे कळल्यापासून तारखेवर अवलंबून असलेले कोणतेही काम मी कोणाकडे सोपवते तेव्हा ती तारीख का महत्त्वाची आहे हे लेखी कळवते.

या अभ्यासक्रमाचे लेखी काम साधे आणि अंगावर येणारे होते. आपण स्वतः ज्याला ‘मान्य आहे’ म्हटले आहे असा एखादा अटींचा दस्तऐवज आणायचा आणि त्यातील पाच कलमे सरळ भाषेत पुन्हा लिहायची: कोणी, काय, केव्हापर्यंत करायचे आहे आणि न केल्यास काय होईल. मी एका छायाचित्र साठवण सेवेच्या अटी आणल्या होत्या. वाद झाल्यास तो कोणत्या देशाच्या न्यायालयात चालेल हे मी चार वर्षांपूर्वी मान्य करून बसले होते आणि त्या ठिकाणी मी कधी पाऊलही ठेवलेले नव्हते. परीक्षेत न पाहिलेल्या एका कराराचे दोन पानी कलमवार टिपण दिले होते आणि त्यावर तीनच प्रश्न होते. शेवटचा प्रश्न होता, ‘या मजकुरातील कोणत्या कलमावर तुम्ही स्वतः मत देणार नाही, आणि का?’ चार उद्दिष्टे, चार खुणा.

त्यात उणीव नव्हती असे नाही. प्रतिफलाच्या, म्हणजे वचनाच्या बदल्यात काहीतरी मोबदला असलाच पाहिजे या सिद्धान्तावर दोन आठवडे खर्च झाले आणि हा सिद्धान्त इंग्लिश परंपरेतील देशांतच चालतो, फ्रान्स किंवा जर्मनीत करार वैध ठरण्यासाठी तो लागत नाही, हे शेवटच्या पाच मिनिटांत सांगितले गेले. दुसऱ्या कायदा परंपरेच्या देशात शिकायला किंवा नोकरीला जाणाऱ्या विद्यार्थ्याला ही माहिती आरंभीच मिळायला हवी. ग्राहक संरक्षणाचे कायदेही वगळलेले होते, त्यामुळे छापील करारातील प्रत्येक जाचक अट बंधनकारकच असते असा समज घेऊन काही जण वर्गाबाहेर पडले असावेत.

बौद्धिक संपदेच्या अभ्यासक्रमाचे पान मी पाहिलेल्या चारही पानांत सर्वांत सुबक होते. सहा उद्दिष्टे, प्रत्येकात एक स्पष्ट क्रियापद, आणि प्रत्येकापुढे त्याची कसोटी कशी घेतली जाईल हेही लिहिलेले. प्रत्यक्षात दर आठवड्याला नवा पाहुणा वक्ता येत असे. कोणी पेटंटच्या अर्जाविषयी बोलले, कोणी बोधचिन्हांविषयी, आणि दोघांनी एकाच विषयावर, एकमेकांना विसंगत ठरेल असे सांगितले. परीक्षा व्याख्यांची होती. १८८६ च्या बर्न करारानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर किमान किती वर्षे संरक्षण मिळते (पन्नास, अनेक देशांनी ते वाढवून सत्तर केले आहे), जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स या बौद्धिक संपदेच्या करारानुसार पेटंटची किमान मुदत अर्जाच्या तारखेपासून किती (वीस वर्षे), अशा प्रश्नांची उत्तरे आम्ही आदल्या रात्री पाठ केली. ‘विद्यार्थी एखाद्या निर्मितीला कोणत्या प्रकारचे संरक्षण लागू होईल हे ठरवू शकेल’ या मध्यवर्ती उद्दिष्टावर एकही प्रश्न नव्हता. गटाने करायचे पेटंटशोधाचे काम तपासून परत मिळालेच नाही, केवळ गुण फलकावर लागले, आणि विचारणा केल्यावर आम्हाला ‘नोंद घेतली आहे’ असे उत्तर मिळाले. खुणा दोन.

तरीही त्या सत्रातील एका गोष्टीचा मला माझ्या कामात सर्वांत जास्त उपयोग झाला आहे. फाइस्ट विरुद्ध रूरल हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९९१ चा निकाल. एका दूरध्वनी कंपनीने आपल्या सूचीतील नोंदी दुसऱ्या प्रकाशकाने उचलल्याचा दावा केला; चोरी पकडण्यासाठी तिने सूचीत काही खोटी नावे पेरलेली होती आणि त्यांपैकी चार दुसऱ्याच्या सूचीत जशीच्या तशी उतरली होती. नक्कल उघड होती, तरी दावा फसला. नावे आणि क्रमांक ही वस्तुस्थिती आहे, वस्तुस्थितीवर कोणाचा स्वामित्वहक्क नसतो, आणि वर्णानुक्रमे लावण्यात सर्जनशीलतेचा कणही नाही. गोळा करण्यासाठी घाम गाळला एवढ्याने हक्क उत्पन्न होत नाही. युरोपीय संघाने मात्र १९९६ मध्ये माहितीसंचासाठी पंधरा वर्षांचा स्वतंत्र हक्क निर्माण केला. आकडेवारी गोळा करणे हेच ज्याचे काम आहे त्या विद्यार्थ्यासाठी या दोन भूमिकांतील अंतर म्हणजे एका सत्राचा विषय आहे; आम्हाला ते वीस मिनिटांत मिळाले.

पुराव्याच्या कायद्याचा अभ्यासक्रम विधी शाखेचे आणि इतर शाखांचे विद्यार्थी एकत्र बसून करीत. ही रचना मला चारही अभ्यासक्रमांतील सर्वांत शहाणी वाटली. विधी शाखेच्या मुलांना सर्व संज्ञा ठाऊक होत्या आणि आम्हाला गुणाकार येत होता. पहिल्या महिन्यात त्यांनी आम्हाला पुष्कळ खाली पाहायला लावले आणि दुसऱ्या महिन्यात, मला हे कबूल करायला संकोच वाटत नाही, आम्ही त्याची परतफेड केली.

परतफेडीचे निमित्त होते पीपल विरुद्ध कॉलिन्स, कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९६८ चा निकाल. लॉस एंजेलिसमध्ये १९६४ साली एका वृद्धेची पर्स हिसकावली गेली. पळणारी स्त्री सोनेरी केसांची होती आणि पिवळ्या गाडीतून तिला घेऊन जाणारा पुरुष दाढीमिशा असलेला कृष्णवर्णीय होता, असे साक्षीदारांनी सांगितले. अशा वर्णनाचे एक जोडपे पकडले गेले. सरकारी वकिलाने गणिताच्या एका अध्यापकाला साक्षीला बोलावले आणि स्वतःच काही अंदाज पुढे केले: पिवळी गाडी दहांत एक, मिशीवाला पुरुष चारांत एक, पोनीटेल बांधलेली मुलगी दहांत एक, सोनेरी केसांची मुलगी तिनांत एक, दाढीवाला कृष्णवर्णीय पुरुष दहांत एक, गाडीतील मिश्रवर्णीय जोडपे हजारात एक. सर्वांचा गुणाकार एक कोटी वीस लाखांत एक. ज्यूरीने दोषी ठरवले. शिक्षकांनी आम्हाला अपिलाचा निकाल न दाखवता या युक्तिवादातील चुका शोधायला लावल्या. अंदाजांना आधार नाही, हे विधी शाखेच्या मुलांनी तात्काळ पकडले. दाढी आणि मिशी या परस्परांपासून स्वतंत्र गोष्टी नाहीत, म्हणून त्यांच्या शक्यतांचा गुणाकार करता येत नाही, हे आमच्याकडून आले. परंतु खरी चूक सापडायला अर्धा तास गेला. वर्णनाशी जुळणारे जोडपे दुर्मीळ आहे याचा अर्थ पकडलेले जोडपे निर्दोष असण्याची शक्यता तितकीच कमी आहे, असा होत नाही. अपिलाच्या निकालपत्राला गणिताचे एक परिशिष्टच जोडलेले आहे आणि त्यात असे जोडपे एकाहून अधिक असण्याची शक्यता, सरकारी वकिलाचेच आकडे गृहीत धरून, चाळीस टक्क्यांच्या वर काढून दाखवलेली आहे. न्यायाधीशांच्या निकालाला जोडलेले बीजगणित मी तेथे प्रथम पाहिले.

पुढच्या आठवड्यात याच चुकीचा इंग्लंडमधील अवतार आला. दोन तान्ह्या मुलांच्या आकस्मिक मृत्यूंबद्दल १९९९ मध्ये एका आईला खुनासाठी दोषी ठरवले गेले. वैद्यकीय तज्ज्ञाने अशा घरात एक आकस्मिक मृत्यू होण्याच्या ८,५४३ मध्ये एक या शक्यतेचा वर्ग करून सुमारे ७ कोटी ३० लाखांत एक असा आकडा साक्षीत दिला होता. एकाच घरातील दोन मृत्यू परस्परांपासून स्वतंत्र असतात हे त्यात निमूटपणे गृहीत धरलेले होते. रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटी या ब्रिटनमधील संख्याशास्त्रज्ञांच्या संस्थेने २००१ मध्ये या आकड्याबद्दल जाहीर चिंता व्यक्त केली आणि २००३ मध्ये दुसऱ्या अपिलात ती स्त्री सुटली. तिच्या सुटकेला केवळ आकड्याची चूक कारणीभूत नव्हती, आधी उघड न केलेला वैद्यकीय अहवालही होता, हे शिक्षकांनी आग्रहाने सांगितले. गोष्ट सोपी करण्याचा मोह त्यांनी टाळला याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर आहे. ‘विद्यार्थी तज्ज्ञाच्या साक्षीतील संख्यात्मक दाव्यामागील गृहीतके शोधू शकेल’ हे या अभ्यासक्रमाचे पाचवे उद्दिष्ट होते. परीक्षेत एका काल्पनिक तज्ज्ञाची दीड पानी साक्ष देऊन तिची उलटतपासणी लिहायला सांगितली होती. एवढी जाड खूण मी दुसऱ्या कोणत्याही उद्दिष्टापुढे केलेली नाही.

वाचनाचा भार या अभ्यासक्रमात आठवड्याला सरासरी साठ पाने होता, करारकायद्यात त्याच्या निम्मा, आणि उरलेल्या दोघांत नोटांच्या पलीकडे काही वाचावे लागले नाही. मूळ निकालपत्रांचे इंग्रजी जुने आणि वळणाचे असते. पहिले तीन आठवडे एका पानाला वीस मिनिटे लागली तर घाबरून नाव काढून घेऊ नये. कोणत्याही अभ्यासक्रमासाठी कायद्याचे पूर्वज्ञान लागत नाही, आणि ओळखीचा अभ्यासक्रम केल्याचा मला पुढील तिन्हींत कोणताही लाभ जाणवला नाही.

ज्यांच्याकडे एकाच ऐच्छिक विषयाची जागा आहे त्यांनी करारकायदा घ्यावा, मग मुख्य विषय कोणताही असो. दुसरी जागा असल्यास विज्ञान, वैद्यक आणि संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी पुरावा निवडावा. बौद्धिक संपदा घ्यायचीच असेल तर आधी मागील दोन वर्षांच्या प्रश्नपत्रिका मागून घ्याव्यात आणि सर्व व्याख्याने एकच शिक्षक देणार असल्याची खात्री करून घ्यावी. ओळखीच्या अभ्यासक्रमाची शिफारस मी करू शकत नाही. उद्यान आणि वाहनांची तासिका मात्र नाव न नोंदवताही जाऊन बसण्यासारखी आहे.

पुराव्याच्या अभ्यासक्रमालाही एक डाग होता. त्याच्या पानावरील सातवे उद्दिष्ट ‘विद्यार्थी अभिरूप न्यायालयात तोंडी युक्तिवाद सादर करू शकेल’ असे होते आणि अभिरूप न्यायालय, म्हणजे सरावासाठीचा लुटुपुटीचा खटला, संपूर्ण सत्रात एकदाही भरले नाही. सत्राअखेरीच्या अभिप्रायात मी लिहिले की एक तर ते भरवावे किंवा उद्दिष्ट काढून टाकावे. पुढच्या वर्षीची पत्रिका मी कुतूहलाने उघडून पाहिली. सातवे उद्दिष्ट जागेवरच होते. फक्त ‘सादर करू शकेल’ या शब्दांच्या जागी ‘सादर करण्याची ओळख करून घेईल’ असे छापले होते.